फ्लोरिडाची देशी ब्रोमेलियाड संग्रहात वाढवली म्हणजे वाचली का?

प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणाऱ्यांच्या गच्चीवर तीसेक ब्रोमेलियाड आहेत, बहुतेक नर्सरीतून घेतलेली. फ्लोरिडात बाहेरून आलेल्या एका भुंग्याने तिथल्या देशी ब्रोमेलियाडचा फडशा पाडला आणि आता वनस्पती उद्यानं ही झाडं आपल्या संग्रहात वाढवून वाचवत आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांचं विचारणं दोन गोष्टींबद्दल आहे. जंगलातलं झाड उद्यानात वाढवलं म्हणजे ती जात खरंच वाचते का? आणि त्यांच्या गच्चीवरच्या झाडांचा या कामी काही उपयोग होईल का?

मी दापोलीला शिकलो आणि गेली बरीच वर्षं फ्लोरिडात रोपवाटिका आणि उद्यानांतल्या जिवंत संग्रहांचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. जात वाचू शकते, पण नुसत्या झाड जगण्याने नाही. ज्या रोपाची आई कुठल्या जंगलात, कुठल्या झाडावर होती याची नोंद आहे, आणि ज्याचं बी पुन्हा त्या भागात जाण्याची सोय कुणीतरी करून ठेवली आहे, ते रोप संवर्धनाच्या हिशेबात धरायचं. बाकीची झाडं कितीही देखणी असली तरी ती बागेची शोभा. उद्यानात फिरताना हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो नोंदवहीत दिसतो. म्हणूनच या कामातला माझा सगळ्यात जास्त आग्रह काचघरापेक्षा नोंदवहीसाठी असतो.

थोडी पार्श्वभूमी हवी. ब्रोमेलियाड हे अननसाचं कूळ. साडेतीन हजारांहून जास्त जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीतली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. आपल्याकडे अननस आला तो पोर्तुगीजांबरोबर. बाकी कुळाशी आपला संबंध अलीकडचा, तोही शोभेच्या कुंड्यांपुरता. फ्लोरिडा या कुळाच्या पसाऱ्याच्या उत्तर टोकाला येतं. तिथे देशी जाती १६: टिलँडसियाच्या १२, कॅटॉप्सिसच्या ३ आणि गुझमानियाची १. टँपा किंवा ऑर्लँडोला नातेवाइकांकडे गेलेल्यांनी ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा पाहिल्या असतील. तो स्पॅनिश मॉस, म्हणजेही टिलँडसियाच. ही झाडं फांदीवर बसतात, पण फांदीतून काही घेत नाहीत. मुळांचं काम धरून ठेवण्याचं. पाणी आणि क्षार पानांवरचे बारीक खवले शोषून घेतात. हे खवले लक्षात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

यातली सगळ्यात मोठी टिलँडसिया युट्रिक्युलाटा. तिथे तिला जायंट एअरप्लँट म्हणतात. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या पानांच्या बेचक्यांत लिटरभराहूनही जास्त पाणी साठतं आणि त्या पाण्यावर किडे, कोळी, बेडूक असं एक अख्खं गाव जगतं. तुऱ्याचा दांडा माणसाच्या उंचीला जातो. बहुतेक ब्रोमेलियाड फुलल्यावर बुडाशी फुटवे देतात, अननस देतो तसे. फ्लोरिडातली युट्रिक्युलाटा बहुधा देत नाही. दहा, पंधरा, कधी वीस वर्षं वाढायचं, एकदाच फुलायचं, बी सोडायचं आणि मरून जायचं. म्हणजे फुलण्याआधी झाड गेलं तर त्याच्या मागे काहीच उरत नाही.

आणि नेमकं तेच झालं. १९८९ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या भागात मेटामॅसियस कॅलिझोना हा भुंगा पहिल्यांदा सापडला. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझहून शोभेची ब्रोमेलियाड यायची, त्यांच्याबरोबर तो आला. काळा, सेंटिमीटरभराहून थोडा मोठा, पाठीवर पिवळसर-नारिंगी आडवा पट्टा आणि पुढे सोंड. कोकणातल्या वाचकांना माडाचा सोंड्या भुंगा माहीत आहे. हा त्याच्याच गोतातला, आणि करणीही तीच. मादी पानाच्या बुडाशी चीर पाडून अंडं घालते, अळी आत शिरून थेट खोडाचा गाभा खाते. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण दोन महिने लागतात. बाहेरून झाड हिरवंगार दिसत असतं. मधली पानं चिमटीत धरून हलकेच ओढायची. निरोगी झाडाची पानं हलत नाहीत, लागण झालेल्या झाडाचा मधला अख्खा जुडगा हातात येतो. त्याच्या बुडाशी तपकिरी, कुजका चोथा असतो आणि बऱ्याचदा त्या चोथ्यातच तंतूंच्या कोशात बसलेला भुंगा. ओकखाली पानांचे असे हिरवे जुडगे पडलेले दिसले की वर काय चाललंय ते बघायला शिडी लावावी लागत नाही.

मायाका नदीच्या स्टेट पार्कमध्ये या शतकाच्या सुरुवातीला युट्रिक्युलाटाची मोठी झाडं अवघ्या काही वर्षांत जवळपास संपली. टिलँडसिया फॅसिक्युलाटा, म्हणजे लाल तुऱ्याची कार्डिनल एअरप्लँट, आणि ही युट्रिक्युलाटा या दोन्ही एकेकाळी इतक्या मुबलक होत्या की त्यांची काळजी करण्याचं कुणाला कारणच नव्हतं. भुंग्यामुळे त्यांना राज्याच्या संकटग्रस्त यादीत घालावं लागलं. सामान्य म्हणून गृहीत धरलेली वनस्पती एवढ्या वेगाने जाते याचा मला अजूनही सगळ्यात जास्त धक्का बसतो, कारण आपण जपतो त्या बहुतेक वेळा दुर्मिळ वनस्पती, आणि संग्रहांतही सामान्य जातींची रीतसर गोळा केलेली, ठिकाण नोंदवलेली रोपं क्वचितच असतात.

इथे एक फसगत होते, ती सांगायला हवी. भुंग्याला मोठं झाड लागतं, कारण अळीला पुरेल एवढा गाभा लहान रोपात नसतो. त्यामुळे लागण झालेल्या जंगलातही फांद्यांवर लहान रोपं बरीच दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं की जंगल सावरतंय. पण ती रोपं मोठी होतील तसतशी खाल्ली जातात. फुलणारं झाडच उरलं नाही की नवं बी येत नाही, आणि मग एके वर्षी लहान रोपंही दिसेनाशी होतात. म्हणून पाहणी करताना एकूण रोपं मोजून भागत नाही. बी सोडून मेलेली झाडं किती आणि त्याआधीच मेलेली किती, ते मोजायचं.

जंगलात फवारणी का करत नाहीत, हे प्रत्येक जण विचारतो. घराच्या अंगणातल्या पाच-दहा झाडांवर औषध चालतं. मैलोन्‌मैल पसरलेल्या दलदलीत, उंच सायप्रसच्या फांद्यांवर ते पोचवायचं कसं? आणि पोचलं तरी त्या बेचक्यांतल्या पाण्यातल्या जिवांचं काय? दुसरा मार्ग जैविक नियंत्रणाचा. फ्लोरिडा विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड फ्रँक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं घातली. होंडुरासमध्ये एक माशी सापडली, जिच्या अळ्या भुंग्याच्या अळ्यांवर जगतात. तिला फ्रँक यांच्यावरूनच लिक्सॅडमाँटिया फ्रँकी हे नाव मिळालं. या संशोधनाला फ्लोरिडातल्या ब्रोमेलियाडप्रेमी मंडळांनी स्वतः वर्गणी काढून पैसे दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००७ मध्ये माशी पहिल्यांदा जंगलात सोडली. पण तिच्याने भुंगा आटोक्यात आला नाही.

थोडक्यात, भुंगा जंगलात आहेच, आणि जाणारा नाही. संग्रहाचं काम सुरू होतं ते इथून.

बीजपेढीत बी ठेवून का भागत नाही, असाही प्रश्न येतो. ठेवावंच, नीट वाळवून गोठवलेलं बी बरंच टिकू शकतं. पण टिलँडसियाचं बी म्हणजे बारीक काडीला लावलेला रेशमी केसांचा झुपका, आत साठवण अगदी थोडी. साध्या खोलीत ठेवलं तर काही महिन्यांत त्याची उगवण घसरते. शिवाय बीपासून फुलापर्यंत दहा-पंधरा वर्षं जाणार असतील, तर पेढीतून बी काढून कामाला सुरुवात करेपर्यंत जंगलातली एक पिढी हातची गेलेली असते. वेगवेगळ्या वयाची रोपं एकाच वेळी वाढत असलेला संग्रह हवा, म्हणजे दर वर्षी काही ना काही फुलावर येतं.

बी गोळा करण्यापासून सांगतो, कारण संग्रहाची किंमत तिथेच ठरते. फ्लोरिडात यादीतल्या वनस्पतीला हात लावायला परवाना आणि जमीनमालकाची परवानगी लागते, ते आधी. मग शेंगा पिकून फुटायच्या बेतात असताना एकेका झाडाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात. दोन झाडांचं बी कधीही एकत्र करायचं नाही. पाकिटावर तारीख, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, यजमान झाड कोणतं, जमिनीपासून साधारण किती उंचीवर, आणि आईचा क्रमांक. शक्य तितक्या जास्त आयांचं थोडं थोडं बी घ्यायचं. एका झाडाच्या एका तुऱ्यातून हजारो रोपं होऊ शकतात आणि बाग भरून जाते, पण ती सगळी एकाच आईची लेकरं. चाळीस आयांची पाच-पाच रोपं एका आईच्या हजार रोपांपेक्षा कितीतरी मोलाची, कारण थंडी सोसणं, कोरड सोसणं असे गुण आयांमध्ये विखुरलेले असतात. निरोगी वस्तीतून बीचा थोडाच भाग उचलायचा आणि बाकी वाऱ्यावर सोडायचा. भुंगा शिरलेल्या वस्तीत मात्र मी जास्त घेण्याच्या बाजूचा आहे, कारण तिथे मागे ठेवलेलं झाड बी धरेपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

पेरणी सोपी आहे, धीर अवघड. लाकडी चौकटीवर नायलॉनची जाळी ताणायची आणि ओल्या बोटांनी बी पातळ पसरायचं. केस ओले झाले की ते जाळीला चिकटून बसतं, माती लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा आणि वारा खेळता. दोनेक आठवड्यांत केसांच्या मध्ये हिरवे ठिपके दिसू लागतात. वर्षाअखेरीस रोप नखाएवढं. सगळ्यात मोठा शत्रू शेवाळ. ते जाळीवर चढलं की रोपं गुदमरतात. शेवाळ मारायला बाजारात मिळणारी बरीच औषधं तांब्याची असतात, आणि तांबं ब्रोमेलियाडला विष आहे. मघाशी सांगितलेले पानांवरचे खवले ते पाण्याबरोबर आत ओढून घेतात. म्हणून तांब्याची तार नाही, तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं लाकूड नाही, तांबेयुक्त बुरशीनाशक नाही. पाणी शक्यतो पावसाचं. जड पाण्याचे पांढरे डाग खवल्यांवर बसले की शोषण मंदावतं.

खताबद्दल माझं मत ठाम आहे. भरपूर खत आणि सावली दिली तर युट्रिक्युलाटा भराभर वाढते आणि पाहुण्यांना दाखवायला छान दिसते. असं रोप ओकच्या फांदीवर नेऊन बांधलं की पहिल्या कोरड्या मोसमात त्याची पानं वळतात आणि ते मान टाकतं. परत जंगलात जायचं रोप कडक उन्हात, कमी खतावर, मोसमाप्रमाणे पाणी तोडत वाढवायचं. ते लहान राहतं आणि वर्षं जास्त घेतं, पण निभावतं. शिवाय बागेच्या सुखात जी रोपं चांगली वाढतात तीच आपण नकळत पुढे निवडत जातो आणि दोन-तीन पिढ्यांत संग्रह बागेच्या हवामानाचा होऊन बसतो. म्हणून रोपं निवडताना जोम बघून नव्हे, आईच्या क्रमांकाप्रमाणे ठेवायची. मरतुकडं दिसणारं रोप एखाद्या आईचं शेवटचं असेल तर ते आधी सांभाळायचं.

फॅसिक्युलाटासारख्या फुटवे देणाऱ्या जातींत वेगळी अडचण. फुटवे काढून वाटणं इतकं सोपं की एकच झाड दहा बागांत पोचतं आणि कागदावर दहा नमुने दिसतात. जनुकांच्या हिशेबाने तो एकच नमुना. बीचीही खबरदारी घ्यावी लागते. फॅसिक्युलाटा आणि बाल्बिसियाना ही दुसरी देशी टिलँडसिया यांचा संकर फ्लोरिडाच्या जंगलातही आपोआप होतो, मग परदेशी टिलँडसिया शेजारी फुललेल्या असताना बागेत धरलेलं बी शुद्ध कसं मानायचं? तुऱ्यावर बारीक जाळीची पिशवी चढवून हाताने परागण केलेलं बीच परत पाठवण्याच्या योग्यतेचं. बाकीचं बागेसाठी ठेवा.

आता आणखी एक अडचण, ज्याबद्दल उद्यानं फार बोलत नाहीत. हा भुंगा झाडांच्या देवघेवीतूनच पसरला. जिवंत संग्रह म्हणजे मोठी झाडं एका ठिकाणी दाटीने ठेवणं. भुंग्याला आणखी काय हवं? नवीन आलेलं प्रत्येक झाड, देणारा कितीही भरवशाचा असला तरी, वेगळ्या जाळीच्या खोलीत ठेवायचं. भुंग्याचं चक्र दोन महिन्यांचं, तेव्हा विलगीकरण किमान तीन महिन्यांचं. दर आठवड्याला मधली पानं हलवून बघायची. नमुना मागायला आलेल्या मित्राला तीन महिने थांब म्हणायला जीवावर येतं, पण थांबवावंच लागतं.

संग्रह एकाच ठिकाणी असू नये, यावर खरं तर वाद नको. मेक्सिकोच्या आखाताकडच्या किनाऱ्यावर सारासोटा आहे. तिथलं मेरी सेल्बी उद्यान १९७५ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी जगभर ओळखलं जातं. हॅरी ल्यूथर यांनी तिथे ब्रोमेलियाड ओळखण्याचं केंद्र वर्षानुवर्षं चालवलं. जगभरातून लोक त्यांच्याकडे नमुने पाठवत. त्याच सारासोटाला लागून असलेल्या सिएस्टा की बेटाजवळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळ जमिनीवर आलं. कुठल्याही चांगल्या उद्यानावर अशी रात्र येऊ शकते. त्यामुळे प्रत्येक आईची रोपं निदान दोन-तीन ठिकाणी हवीत, आणि त्यातलं एक ठिकाण वादळाच्या पट्ट्याबाहेर.

वादळापेक्षाही जास्त संग्रह बुडतात ते माणसाबरोबर. हयातभर जमवलेली झाडं मालक गेल्यावर सहा महिन्यांत वाळतात, नावाच्या पट्ट्या हरवतात. अपवाद म्हणून ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांचं उदाहरण मी नेहमी देतो. रिओजवळची जागा त्यांनी १९४९ मध्ये घेतली, तिथे ब्रोमेलियाडसकट हजारो वनस्पती जमवल्या आणि १९८५ मध्ये, स्वतः हयात असताना, सगळं सरकारला देऊन टाकलं. २०२१ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. वारसा होणं नंतरचं; हयातीत व्यवस्था लावून ठेवणं हे खरं काम.

मग परत जंगलात काय होतं? तिथे भुंगा असताना रोप नेऊन बांधणं म्हणजे त्याला खाऊ घालणं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून फ्लोरिडात काही ठिकाणी वेगळी पद्धत धरली आहे. टायटसव्हिलला एन्चँटेड फॉरेस्ट नावाचं अभयारण्य आहे. तिथे स्वयंसेवकांच्या हातांनी युट्रिक्युलाटाचं बी जमवणं, रोपं वाढवणं आणि फुलावर येणारी झाडं संरक्षणाखाली ठेवणं हे काम टेरेसा कूपर या संशोधिकेच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालं. विचार साधा आहे. भुंगा मोठी झाडं खातो, लहान सोडतो. तेव्हा मोठ्या झाडाला फक्त त्या अखेरच्या, धोक्याच्या काळात जाळीच्या आत जपायचं, तुरा येऊ द्यायचा, शेंगा फुटल्या की बी वाऱ्याने आसपासच्या ओकवर जाऊ द्यायचं. त्यातली लहान रोपं कित्येक वर्षं भुंग्याच्या नजरेत येत नाहीत. ती मोठी व्हायला लागेपर्यंत जाळीतली पुढची झाडं बी धरतात. बाग आणि जंगल यांची सीमा इथे पुसट होते, आणि मला वाटतं या जातीसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. यातून भुंगा हटत नाही. जातीला पिढ्या मिळतात, आणि माशीसारखा एखादा नवा उपाय निघाला तर तो लागू करायला जंगलात झाडं शिल्लक असतात.

जिथे भुंगा अजून पोचलेला नाही किंवा जिथे जुनं जंगल तोडल्यामुळे वस्ती गेली आहे, तिथे रोपं बांधणं योग्य. दक्षिण फ्लोरिडातल्या फकाहॅची दलदलीतलं सायप्रस १९४० आणि १९५० च्या दशकांत मोठ्या प्रमाणावर कापलं गेलं. फांद्या नाहीत तर ब्रोमेलियाड बसणार कुठे? बांधताना वेळ सांभाळायची. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, त्याच्या थोडं आधी, म्हणजे पावसाळाभर मुळं सालीत रुततात. खरखरीत सालीची, आडवी, खाली अर्धी सावली असलेली फांदी निवडायची. त्याच वस्तीतल्या आईची रोपं त्याच वस्तीत. क्रमांकाची पट्टी फांदीला, रोपाला नाही, कारण रोप गळून पडलं तरी काय पडलं ते कळायला हवं.

काही अभ्यासक विचारतात की युट्रिक्युलाटा कॅरिबियन बेटांवर आणि मेक्सिकोतही आहे, मग फ्लोरिडातली गेली तर एवढं काय? टिलँडसिया सिम्युलाटा फक्त फ्लोरिडात आहे, तिच्याबाबत हा प्रश्न उद्भवतच नाही. पण बाकीच्यांसाठीही माझं उत्तर ठाम आहे. फ्लोरिडातल्या वस्त्या पसाऱ्याच्या थंड टोकावर उभ्या आहेत. अधूनमधून दव गोठवणारं हवामान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, बेटांवरच्या झाडांनी नाही. बेटावरून आणलेलं बी फ्लोरिडात लावून तीच वस्ती परत मिळाली असं म्हणता येणार नाही. आणि त्या पाण्याच्या बेचक्यांत राहणाऱ्या जिवांना फ्लोरिडातच घर हवं आहे.

आता तुमच्या गच्चीकडे. तुमची बहुतेक झाडं निओरेगेलिया, गुझमानियाचे संकर आणि बाजारात एअरप्लँट म्हणून मिळणाऱ्या टिलँडसिया असणार. त्यांच्या मुळाची नोंद नाही, बरीचशी संकरित आहेत आणि मुळात ती भारतातली नाहीत. फ्लोरिडाच्या किंवा ब्राझीलच्या जंगलाला त्यांचा उपयोग होणार नाही. त्यात तुमचं काही चुकलं नाही, आनंदाने वाढवा. फक्त सह्याद्रीत फिरायला जाताना एखादं रोप तिथल्या झाडावर बांधून येऊ नका, कितीही शोभून दिसलं तरी. आणि पुण्यात डेंग्यूचा त्रास आहे म्हणून: निओरेगेलियाच्या पेल्यातलं पाणी दर चार-पाच दिवसांनी नळीने जोरात धार सोडून पालटा, म्हणजे डासाच्या अळ्या वाहून जातात. २०१६ मध्ये झिकाची साथ आली तेव्हा मायामी बीचवर सार्वजनिक जागेतली ब्रोमेलियाड याच भीतीने उपटली होती. पाणी पालटत राहिलात तर तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

पण तुमच्याकडे तीस झाडं जगवण्याचं कौशल्य आहे, आणि सह्याद्रीला ते हवं आहे. फांदीवर वाढणाऱ्या आपल्या आमरी, म्हणजे ऑर्किड, जसं सीतेची वेणी, याच पद्धतीने सांभाळता येतात. जंगलातून उचलायच्या नाहीत, हे पहिलं. पावसाळ्यात मोडून पडलेल्या फांद्यांवरची आमरी खाली कुजतात. वनखात्याच्या परवानगीने ती उचलून, ठिकाण लिहून, एखाद्या वनस्पती उद्यानाच्या देखरेखीखाली वाढवण्याचं काम स्वयंसेवकांना जमण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियाचा, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांचा, संग्रह उभा केला आणि त्यांची रोपं परत निसर्गात नेण्याचे प्रयत्नही केले. तिथला नोंदींचा सराव बघण्यासारखा आहे. एकदा जाऊन या.

तोवर घरी एवढं सुरू करा. एक वही घ्या, प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, कुठून कधी आलं ते लिहा, फुटवा काढलात तर त्याला आईच्या क्रमांकापुढे नवा क्रमांक द्या, आणि मेलेल्या झाडाची ओळ खोडू नका, तारीख टाकून ठेवा. पट्टी ॲल्युमिनिअमची, अक्षरं टोच्याने कोरलेली. मार्करची शाई पुण्याच्या उन्हात वर्षभर टिकत नाही. उद्या एखाद्या उद्यानाने तुमच्याकडे सांभाळायला रोपं दिली, तर ते आधी ही वहीच मागतील. आणि सुपारीवर किंवा द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारलेला पंप कुणाकडून आणला असेल, तर त्यात तांबं असतं म्हणून तो कितीही धुतलेला असला तरी ब्रोमेलियाडवर वापरू नका. त्यांच्यासाठी वेगळा पंप ठेवा.